बाबा दुखणं लपवतात. मॉर्फिन देऊ की नको?

पत्र:

नमस्कार डॉक्टर,

आम्ही नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. बाबा ६६ वर्षांचे आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. जानेवारीत त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. उजव्या खुब्याच्या हाडात आणि कमरेच्या एका मणक्यात पसरला आहे. तपासणीत गाठीतलं पीडी-एल१ नावाचं प्रथिन ७० टक्के आलं, म्हणून किमो न देता फक्त इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढू देणारं औषध, सुरू केली. दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब. तीन डोस झाले. त्यासाठी हुडकेश्वरचा प्लॉट विकला.

बाबांना खूप दुखतं. सकाळी पलंगावरून उठून उजवा पाय टेकवला की डोळ्यांत पाणी येतं, आईचा खांदा धरावा लागतो. पण ओपीडीत विचारलं की म्हणतात, 'ठीक आहे जी.' बाहेर आल्यावर मला म्हणाले, दुखतं म्हटलं तर औषध लागू पडत नाही असं समजून बंद करतील. डॉक्टरांनी त्यांचं चालणं बघूनच मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. त्याच रात्री मी मोबाइलवर वाचलं की सुरुवातीला ज्यांना जास्त दुखतं त्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी होतो आणि मॉर्फिन घेणाऱ्यांचं आणखी वाईट होतं. पुण्याचा भाऊ म्हणतो, सवय लागेल, देऊ नको. गोळ्या कपाटात तशाच पडून आहेत. आई गरम पाण्याच्या पिशवीने शेकते आणि बाबा दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक खातात. मी काय करू? हे जे वाचलं ते बाबांना सांगू का?

एक मुलगी, नंदनवन

उत्तर:

ताई,

मॉर्फिनबद्दल लिहितेच, पण आधी तो उजवा पाय. खुब्याच्या हाडात आजार आहे आणि पाय टेकवला की कळ येते, हे वाचून मी थांबले. असं हाड आतून पोखरत जाऊन मोडायच्या बेताला आलेलं असू शकतं. बाबांचं तसं आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, पण ते बघितल्याशिवाय एक दिवसही घालवू नये. चौथ्या डोसच्या तारखेची वाट बघू नका. उद्या सकाळी फोन करून एवढंच सांगा की उजव्या पायावर वजन टाकता येत नाही. पूर्ण मांडीच्या हाडासकट खुब्याचा एक्स-रे काढतील, लागलं तर सीटी करतील आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवतील. हाड मोडायच्या आधी आत रॉड टाकणं हे मोडल्यानंतरच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं जातं, आणि माणूस लवकर पायावर उभा राहतो. तोपर्यंत वॉकर वापरा. काठीच असेल तर ती डाव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आजच आणा. उकिडवं बसणं पूर्ण बंद.

मणक्याचंही लक्षात ठेवा. पायांत जोर कमी वाटला, मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, कमरेचं दुखणं पट्टा आवळल्यासारखं पुढे यायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत न्यायचं. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. माणूस चालता असताना उपचार झाला तर बहुतेकदा चालता राहतो; पाय गेल्यावर ते परत मिळवणं अवघड जातं.

आता तुम्ही जे वाचलं त्याकडे येते.

ते खोटं नाही. उपचार सुरू होताना ज्यांचं दुखणं जास्त होतं, किंवा जे मॉर्फिनच्या गटातली औषधं घेत होते, त्यांचं आयुष्य सरासरीने कमी निघालं असं सांगणारे बरेच अभ्यास आहेत. पण ते झाले कसे हे बातमीत येत नाही. बहुतेक ठिकाणी जुने केसपेपर काढून नोंदी तपासल्या आहेत. कोणाला मॉर्फिन द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. ज्याला दुखत होतं त्याला दिलं. आणि जास्त दुखतं कोणाला? ज्याच्या हाडांत, बरगड्यांत, फुफ्फुसाच्या आवरणात आजार गेलाय त्याला. ज्याचं वजन उतरलंय, झोप नाही, दिवसातला निम्मा वेळ पलंगावर जातो त्याला. त्याचा आजार मुळातच जड असतो. छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी रस्त्यावर चिखलही जास्त असतो, पण तो छत्र्यांनी केलेला नसतो. हा फरक आकडेमोडीने वजा करायचा प्रयत्न अभ्यासक करतात. तो पुरता निघत नाही.

हेच आधी स्टिरॉइडच्या बाबतीत झालं. इम्युनोथेरपी सुरू होताना जे रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोनइतकं स्टिरॉइड घेत होते, त्यांचे निकाल वाईट दिसले आणि सगळे घाबरले. मग २०१९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ६५० रुग्णांच्या नोंदी घेऊन त्या स्टिरॉइडवाल्यांचे दोन भाग केले. एका भागात कॅन्सरच्याच त्रासासाठी, म्हणजे दुखणं, धाप, मेंदूतली सूज यांसाठी स्टिरॉइड घेणारे होते. दुसऱ्यात दम्यासारख्या वेगळ्या कारणासाठी घेणारे. वाईट निकाल पहिल्या भागात होते. दुसऱ्या भागातल्यांचं जवळपास बाकीच्या रुग्णांसारखंच झालं. गोळी तीच होती. ती ज्या कारणासाठी लागली, त्या कारणाने फरक पडला. मॉर्फिनच्या आकड्यांमागेही मोठा वाटा याच कारणाचा आहे असं मी मानते.

मॉर्फिनचा प्रतिकारशक्तीवर काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये पांढऱ्या पेशींवर आणि आतड्यातल्या जंतूंवर परिणाम दिसलेला आहे, म्हणून तर हा प्रश्न शास्त्रज्ञ सोडत नाहीत. पण न थांबणारं दुखणं, रात्र रात्र न लागणारी झोप आणि त्याने चढलेली ताणाची संप्रेरकंसुद्धा प्रतिकारशक्ती दाबतात. दुखणाऱ्या माणसाला मॉर्फिनशिवाय ठेवलं म्हणून त्याला इम्युनोथेरपी जास्त लागू पडली, असं कोणी दाखवून दिलेलं नाही. उलट दिशेचा एक चांगला पुरावा मात्र आहे. २०१० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला, आणि तिथे खरोखर चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणारी, टीम दिली. दुसऱ्या गटाचं रोजचं जगणं सुधारलं, उदासी कमी झाली, आणि ते जगलेही जास्त: त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, पहिल्या गटात हाच आकडा ८.९ महिने होता. तेव्हा इम्युनोथेरपी आलेली नव्हती, हे लक्षात असू द्या. पण त्रासावर वेळेत उपचार केल्याने आयुष्य घटतं ही भीती त्या अभ्यासाने खोटी ठरवली.

बाबांच्या औषधाबद्दलही तुम्हाला माहीत असावं. गाठीच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना थोपवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हा अडसर काढतं. ज्यांच्या गाठीच्या ५० टक्के किंवा जास्त पेशींवर हे प्रथिन आहे अशा रुग्णांमध्ये हे एकटं औषध आणि किमो यांची तुलना झाली, तिचे पहिले निकाल २०१६ मध्ये आले. पाच वर्षांनी औषधाच्या गटातले साधारण ३२ टक्के रुग्ण हयात होते, किमोच्या गटातले १६. चौथ्या स्टेजला हे थोडं नाही. मात्र त्या अभ्यासात घेतलेले सगळे आपल्या पायांवर चालते-फिरते होते. बाबांच्या भीतीचं उत्तर मला इथेच दिसतं.

औषध चालू ठेवायचं की नाही हे 'दुखतं' या एका शब्दावरून कोणी ठरवत नाही. ते स्कॅनवरून ठरतं, आणि पहिला स्कॅन साधारण दोन-सव्वादोन महिन्यांनी, म्हणजे बाबांच्या बाबतीत आता होईल. त्यासोबत डॉक्टर बघतात की माणूस दिवसातला किती वेळ उठून आहे, स्वतःचं स्वतः करतो का, खातो का. दुखणं लपवून बाबा पलंगाला खिळले, तर समोरच्या डॉक्टरला दिसेल ते एवढंच की माणूस खालावत चाललाय. दुखतं हे त्यांना सांगितलेलंच नसेल तर हे खालावणं औषध हरल्यामुळे की खुबा दुखल्यामुळे, हे त्यांनी कसं ओळखायचं? ज्या निर्णयाच्या भीतीने बाबा गप्प आहेत, त्या गप्पपणाने तोच निर्णय जवळ येतो. त्यांना हे याच शब्दांत सांगा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला गाडीचा आवाज न सांगणाऱ्या ड्रायव्हरचा राग माहीत असेल.

पुढच्या ओपीडीला तुम्ही आत जा. 'ठीक आहे जी' म्हणणारे वडील मला आमच्या विदर्भात घरोघरी दिसतात. गडचिरोलीहून येवोत, छिंदवाड्याहून येवोत की नंदनवनातून. त्यांना शून्य ते दहा आकडा विचारला तर दोन म्हणतात. म्हणून आकड्याच्या भरवशावर राहू नका. एका साध्या वहीत लिहा: रात्री किती वेळा उठले, कुशीवर झोपता येतं का, पँट घालताना बसावं लागतं का, आंघोळ उभ्याने की स्टुलावर, गोळी किती वाजता घेतली आणि किती वेळाने चेहरा मोकळा झाला. आईला विचारून लिहा, त्या चोवीस तास बघतात. ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची.

आता गोळ्या कपाटातून काढा. पण आधी त्याच फोनवर डॉक्टरांना सांगा की अजून सुरूच केल्या नव्हत्या आणि बाबा डायक्लोफेनॅक घेत होते. क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी, तपासणी मागा. डायक्लोफेनॅक किडनीवर भार टाकते. त्यात आपला उन्हाळा, पाणी कमी पोटात जातं, आणि इम्युनोथेरपीनेही कधी कधी किडनीला सूज येते. किडनी मंदावली असेल तर मॉर्फिन शरीरात साचतं, म्हणून मात्रा कमी करावी लागते किंवा औषध बदलावं लागतं. दुकानातून आणलेली ती पाकिटं बंद करा.

मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर द्यायचं असतं, दुखण्याची वाट बघून नाही. साधी गोळी सुमारे चार तास टिकते, म्हणून ती दर चार तासांनी लिहिलेली असते आणि मधेच कळ उठली तर घ्यायची जादा मात्रा वेगळी सांगतात. ती सांगितली नसेल तर विचारून घ्या. पहिले तीन-चार दिवस मळमळेल, पेंग येईल. बहुतेकांची ती ओसरते. बरेच दिवस झोप न झालेला माणूस दुखणं थांबल्यावर दिवसभर झोपतो, तेव्हा घरचे घाबरतात. हाक मारल्यावर जागे होऊन नीट बोलत असतील तर काळजी नको. हाक मारूनही उठत नसतील, श्वास फार सावकाश वाटला, भलतंच बोलू लागले किंवा अंगाला झटके यायला लागले तर लगेच दवाखान्यात. झोपेच्या गोळ्या आणि दारू सोबत अजिबात नाही.

बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. ती जवळपास प्रत्येकाला होते आणि मॉर्फिन चालू असेपर्यंत राहते. त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ करणारं औषध रोज सुरू हवं, त्रास झाल्यावर नाही. घरोघरी इसबगोल देतात. मॉर्फिनसोबत आणि कमी पाण्यात ते आतड्यात गच्च बसतं. डॉक्टरांकडून सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखं औषध लिहून घ्या. मी हे इतकं का सांगते, तर दुखणं थांबलेलं असूनही केवळ या त्रासाने मॉर्फिन सोडून देणारे फार आहेत.

भावाला सांगा, दुखण्यासाठी मोजून दिलेलं मॉर्फिन आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नाही. रेडिएशनने किंवा इम्युनोथेरपीने दुखणं उतरलं की डॉक्टर हळूहळू कमी करतात आणि लोक ते सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांची शिडी १९८६ मध्ये सांगितली, तीव्र दुखण्याच्या पायरीवर तेव्हापासून मॉर्फिनच आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने आपल्या रुग्णांना वर्षानुवर्षं मॉर्फिन मिळत नव्हतं. २०१४ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. आजही प्रत्येक औषधाच्या दुकानात ते नसतं. तुमच्या घरात ते येऊन पडलंय आणि बाबा पलंगाची कड धरून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा, आणि सण-सुट्ट्या बघून संपायच्या आठवडाभर आधी आणा.

कदाचित पुढे डॉक्टर फेंटानिलची, म्हणजे मॉर्फिनच्याच गटातल्या औषधाची, पट्टी देतील. ती कातडीवर चिकटवायची, बहुधा ७२ तासांनी बदलायची. उष्णतेने त्यातलं औषध भराभर अंगात शिरतं. म्हणजे आईंची गरम पाण्याची पिशवी पट्टीच्या आसपासही नको, उन्हाच्या खिडकीशी पलंग नको, आणि ताप चढला तर डॉक्टरांना कळवायचं. नवतप्याच्या उन्हात कूलर असलेल्या खोलीतच त्यांना ठेवा. घामाने पट्टी सुटते, रोज बोटाने कडा बघा. शेकायचं असेल तर पट्टी नसेल तेव्हाच, आणि बधिर जागेवर नाही.

खुब्यासाठी रेडिएशन देता येईल का हेही विचारा. हाड मोडायच्या बेतात नसेल तर बरेचदा एकाच बैठकीत ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) डोस पुरतो, आराम पडायला दोन-चार आठवडे लागतात. एका बैठकीचं म्हणून हलकं समजू नका. दुखणं कमी करायला ते दहा बैठकांइतकंच चालतं. हाडं मजबूत करणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन देतात, त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात. इम्युनोथेरपी गाठ आवळेल तेव्हा आवळेल. खुब्याने तोवर थांबायची गरज नाही.

एक वेगळं दुखणं ओळखायला शिका. सकाळी बोटं-मनगटं आखडणं, सांधे सुजणं, खांदे-मांड्यांचे स्नायू दुखून उठता न येणं, पापणी पडणं, छातीत दुखणं, नवी धाप किंवा कोरडा खोकला, दिवसातून चार-पाच जुलाब. यातलं काहीही इम्युनोथेरपीनेच झालेलं असू शकतं, शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा. त्याच दिवशी कळवायचं. बाबांच्या खिशात इम्युनोथेरपी चालू असल्याचं आणि औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड ठेवा. रात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला ते आधी दिसलं पाहिजे. अशा त्रासावर कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर घाबरून नाकारू नका, ते गरजेचं असतं. पण कोणी सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या दिल्या तर घरात येऊ देऊ नका. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

तुम्ही वाचलेलं बाबांना सांगायचं का? आपण होऊन नका सांगू. त्यांनी विचारलं तर लपवू नका; म्हणा, जास्त दुखणाऱ्यांचा आजार बहुधा मुळातच जास्त असतो, त्या आकड्यांमागे मोठा वाटा याचाच दिसतो, आणि डॉक्टरांनाही हे माहीत आहे. त्यांच्यासमोर बोलायचं ते झोपेबद्दल आणि पायाबद्दल. गोळ्या सुरू करून तीन दिवसांत रात्रीची सलग चार तास झोप लागली नाही, तर मॉर्फिन निरुपयोगी ठरलं असं समजून बंद करू नका. मात्रा कमी पडत असते. ती स्वतः वाढवायची नाही, चौथ्या डोसपर्यंत थांबायचंही नाही. वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.